कळशीला घागर म्हणणाऱ्यांविरुद्ध

"ज्या समाजाला घागर आणि कळशी यांतला फरक कळेनासा होतो, त्याचा ऱ्हास कोणी रोखू शकत नाही."

हे वाक्य एखाद्या सभागृहात टाळ्या घेऊन गेलं असतं. पण ते सकाळी सातला, जिन्यात, बनियनवर उच्चारलं गेलं आणि ऐकायला एकटा शेजारचा शिंपी होता, तोही जांभई देत. बोलणारे काका छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासून निवृत्त झालेले. इमारत त्यांना शुद्धिपत्र म्हणे.

झालं होतं एवढंच, की उसनं नेलेलं भांडं परत देताना शिंपी "ही तुमची घागर" म्हणाला आणि त्याच्या हातात कळशी होती. घागर नेली आणि कळशी आणली, असा सरळ निष्कर्ष काढून काकांनी घागर मागितली.

"अहो काका, दोन्हीत पाणीच राहतं ना?"

"सदऱ्यात आणि झबल्यात दोन्हीत माणूसच राहतो. शिवताना एकच माप घेतोस का?"

माप काढल्यावर शिंप्याची झोप उडाली. तो स्वतःची घागर घेऊन आला आणि दोघे जिन्याखालच्या नळावर मोजायला गेले. आता पाणी गेलं की दोन दिवस येणार नाही, अशी चिठ्ठी नळावरच चिकटवली होती. काकू फिरायला जाताना पाणी भरायचं बजावूनही गेल्या होत्या. पण प्रश्न तत्त्वाचा होता. कळशीत सात तांबे बसले. शेवटचा तांब्या अपुरा होता असं शिंप्याचं म्हणणं पडलं, म्हणून ती मोरीत ओतून पुन्हा मोजली. मग माप काठापर्यंत धरायचं की गळ्यापर्यंत, अशी काकांनाच शंका आली, म्हणून तिसऱ्यांदा. अखेर कळशी दोनदा रिती केली तेव्हा कुठे शिंप्याची घागर भरली. काका विजयाने "बघ" म्हणाले आणि नळाने उचकी देऊन मान टाकली.

तेवढ्यात काकू आल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मी याला कळशीच दिली होती," त्या म्हणाल्या. "घागर आपल्या ओट्याखाली आहे. कोरडी."

मग तू घागर का म्हणालास, असं काकांनी संतापून विचारेपर्यंत शिंपी आपली भरलेली घागर उचलून घरात गेला होता. काका त्याच्या बंद दारापाशी गेले. मग त्यांनी हळूच कडी वाजवली.

"शिंपीदादा, थोडं पाणी देता का? कशातही चालेल."