टँकरच्या पाण्याचा रंग

बायकोच्या धंद्याला बाहेरून कसलाही धक्का लागू देणार नाही, असं मी जाहीर केलं तेव्हा अंबिकानं नुसतं "बरं" म्हटलं आणि गॅस बारीक केला. गॅसवर डाळिंबाच्या साली उकळत होत्या. आमच्याकडे त्या दिवसांत चहाचा नंबर सालींच्या नंतर लागायचा.

अंबिका सुती ओढण्या रंगवते. साली, झेंडू, तुरटी, बस्स. रसायन औषधालाही नाही. मी कॉलेजात वाणिज्य शिकवून निवृत्त झालेला माणूस. 'व्यवसायावर परिणाम करणारे बाह्य घटक' हे प्रकरण मी झोपेतही शिकवू शकतो. विद्यार्थी तर ते झोपेतच ऐकायचे. त्यामुळे पर्यावरणपूरक कपड्यांची मोठी दुकानं असलेल्या पुण्याच्या अश्लेषा मॅडम माल बघायला येणार म्हटल्यावर मी सल्लागाराचं पद स्वीकारलं. दिलं कुणीच नव्हतं.

"वैजापूरकडं यंदा कापूस गेला. सुती कापड महागणार," मी म्हणालो.

"घेऊन ठेवलंय."

"बायपासला खोदकाम चालू आहे. मॅडमची गाडी अडकेल."

"आतला रस्ता सांगितलाय त्यांना."

"ग्राहकाची आवड कधीही बदलू शकते."

"अहो, गच्चीवरच्या ओढण्या वाळल्यात का बघता जरा?"

उरला एकच घटक, पाणी. सलग दुसरा दुष्काळ. धरण तळाला गेलेलं आणि शहर मात्र सुटलेल्या पोटासारखं चहूबाजूंनी वाढत चाललेलं. नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही करंगळीएवढा. त्यातलं पाणी वाचवून वाचवून अंबिकानं गेटजवळ एक ड्रम अर्धा केला होता.

"हे धरणाचं पाणी आहे. माझा पिवळा फक्त यातच उठतो," ती म्हणाली. "याला हात लावू नका." आणि ती तुरटी आणायला शहागंजच्या बाजारात गेली.

ती गेली आणि टँकर आला. आता ज्यानं मराठवाड्यात हयात काढली आहे त्यालाच हे कळेल. टँकर दारात उभा आहे, पाइपातून पाणी पडतंय आणि आपला ड्रम अर्धा आहे, हे दृश्य आमच्याकडच्या माणसाला बघवत नाही.

"सर, ह्यो अर्धाच हाय. भरू का?" टँकरवाल्या सांडूनं विचारलं.

मी ड्रमला हात लावला नाही. पाइप सांडूनं लावला.

दुसऱ्या दिवशी ड्रम भरलेला पाहून अंबिकाला वाटलं, नळ येऊन गेला असेल. तिनं त्या पाण्यात रंग उकळून सगळ्या ओढण्या बुडवल्या आणि एक वर काढली. झेंडूसारखा पिवळा यायचा तिथं शेवाळलेल्या फरशीसारखा काळपट रंग आला होता. तिनं दुसरी काढली, तिसरी काढली. मग माझ्याकडे पाहिलं.

"टँकरचं पाणी घातलंत यात?"

"दारात आलेलं पाणी सोडायचं कसं?"

"टँकर भरतात त्या विहिरीच्या पाण्यात लोह आहे. सालीला लोह लागलं की काळं पडतं." एवढं बोलून ती पायरीवर बसली. तो पिवळा जमवण्यात तिचे कित्येक उन्हाळे गेले होते. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती ओल्या ओढणीची घडी घालत राहिली आणि मला फार वाईट वाटलं.

पण वाईट वाटल्यावर गप्प बसेल तो सल्लागार कसला? मी बाजारातून लिंबं आणली आणि तिच्या नकळत ओढण्यांवर पिळली. रंग गेला नाही, त्यावर पांढुरके डाग तेवढे उठले.

तेवढ्यात मॅडमची गाडी दारात. एक दिवस आधी! आतला रस्ता मोकळा मिळाला म्हणे.

"मॅडम, जरा गडबड झाली आहे," अंबिकानं सुरुवात केली.

"गडबड नव्हे, प्रयोग," मी पुढं झालो. "हा आमचा खास रंग. दुष्काळछाया."

"आणि हे डाग?"

"भेगाळलेली जमीन."

मॅडमचे डोळे पाणावले. त्या वर्षी शहरात आपोआप आलेलं पाणी तेवढंच. त्यांनी ओढणी गालाला लावली आणि दिवाळीसाठी भलीमोठी ऑर्डर दिली. अट एकच, सगळ्या ओढण्या हुबेहूब अशाच हव्यात.

"मॅडम, खरं सांगायचं तर हे चुकून..." अंबिका म्हणाली.

"फार लाजाळू आहे ती," मी म्हणालो.

मग मी सांडूला गाठलं.

"ती हीर बुजवली की सर. तिथं प्लॉटिंग पडलं. लई भाव आलाय त्या जागंला."

"दुसरं तसं पाणी?"

"दुसरं हाय, पर तसं नाय."

दुसऱ्या पाण्यानं ओढणी तपकिरी झाली. तिसऱ्यानं काहीच झालं नाही. शेवटी अंबिकानं गंजके खिळे भिजवून काळा रंग आणला, चांगला एकसारखा. नमुना पाहून मॅडमचा फोन आला. "छान आहे हो, पण यात दुष्काळ दिसत नाही." आणि ऑर्डर रद्द झाली.

मी अंबिकाची समजूत घालायला बसलो. "यात आपला दोष नाही. पाऊस, शहराची वाढ, जागेचे भाव... हे सगळे बाह्य घटक."

ती उठली, कपाट उघडलं आणि एक घडी माझ्या मांडीवर ठेवली. पिवळी ओढणी.

"मागच्या खेपेची. नमुना म्हणून ठेवली होती. मॅडम आल्या तेव्हा इथंच होती."

"मग दाखवली का नाहीस?"

"मध्ये बोलायला जागा कुठं ठेवली होती तुम्ही?"

मी ओढणी खिडकीपाशी नेऊन उलगडली. इतका सुंदर पिवळा मी कधी पाहिला नव्हता, आणि तो किती वर्षं माझ्याच घरात होत होता. आयुष्यभर पोरांना विक्री शिकवली, पण घरचा माल उजेडात धरून बघितला तो त्या दिवशी, ऑर्डर गेल्यावर.