ज्याला माहीत आहे त्याच्या मागे

ज्ञानाचा मार्ग खडतर असतो, याबद्दल दुमत नाही. तो तळमजल्यावरून डावीकडे जातो की उजवीकडे, याबाबत मात्र आमच्या विद्यापीठाने पूर्ण गुप्तता पाळली आहे, आणि ती स्तुत्य आहे. वर्ग सापडला की विद्यार्थी त्यात झोपतात, असा अनुभव आहे. म्हणून आमच्याकडे खोली १०४ नंतर २१७ येते आणि त्यानंतर जिना (ग्रंथालय अद्याप कोणालाच सापडलेलं नाही, त्यामुळे त्याच्याविषयी सर्वांच्या मनात नितांत आदर आहे).

पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने अशा वेळी रस्ता विचारायचा नसतो. विचारलं की आपल्याला माहीत नाही हे लोकांना कळतं. आपण इथे शिकायला आलोय ते मुळात माहीत नसल्यामुळेच, ही गोष्ट कोणत्याही परिस्थितीत बाहेर फुटता कामा नये. त्याऐवजी ज्याला माहीत आहे त्याच्या मागे जावं. त्याला ओळखणं सोपं आहे. तो भरभर चालतो.

पहिल्या दिवशी सर्वांत भरभर चालत होता तो सुसाट. (हे नाव नंतर पडलं. तोवर आवारात त्याला हाक मारणारंच कोणी नव्हतं, हीच तर त्याची अडचण.) आईने सकाळी डबा हातात देताना बजावलं होतं की एकट्याने खायचा नाही, कोणाशी तरी ओळख करून घ्यायची. डबा दोघांचा भरला होता. संध्याकाळी तो अर्धा परत आला की निकाल लागला. थापही मारता आली नसती, कारण थाप मारताना त्याचे कान लाल होतात आणि आईला ते फोनवरूनसुद्धा दिसतात.

कुठे थांबलो तर एकटे दिसू, ही त्याची भीती. भरभर चालणारा माणूस एकटा दिसत नाही, कामात दिसतो. म्हणून तो चालत राहिला.

फाटकाजवळ थर्मास घेतलेली एक मुलगी बराच वेळ सूचनाफलक वाचत उभी होती (सूचना मागच्या वर्षीच्या पाणीकपातीची होती, ती तिला पाठ झाली). सुसाटला पाहताच तिचा जीव भांड्यात पडला आणि ती त्याच्या मागे लागली. तिच्या मागे दोघं. आमच्या पाहणीनुसार मागे तिघं झाले की चौथा कारण विचारत नाही. खोली १०४ मध्ये तर तीन विद्यार्थी अगदी स्वतःच्याच वर्गात बसले होते. खिडकीतून एवढी गर्दी जाताना दिसली, तसे तेही दप्तर उचलून आले.

मागची पावलं सुसाटने ऐकली. इतक्यात सगळ्यांची टोळी जमली, फक्त आपणच राहिलो, असा त्याने रास्त निष्कर्ष काढला आणि वेग वाढवला. त्याने वेग वाढवला म्हणजे तास सुरू होतोय, हे आम्ही ओळखलं. मी साधारण मध्यावर होतो. माझ्या पुढचा फार खात्रीने चालत होता.

प्रयोगशाळेला वळसा घालून, सायकलस्टँडमधून आम्ही दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी पहारेकरी तपासणी आली समजून उठून उभा राहिला. शेवटी एका बोळाच्या टोकाला मोडक्या बाकांची खोली लागली आणि रस्ता संपला.

परत वळायचं तर समोर चाळीस तोंडं. माहीत असलेल्या माणसाने जे केलं असतं तेच सुसाटने केलं. बाक पुसला आणि बसला. आम्हीही पुसून बसलो. वह्या निघाल्या.

रांगेच्या शेवटी थोडं वयस्क, घामाघूम झालेले एक गृहस्थ होते. बसायला जागा उरली नाही, म्हणून ते भिंतीला टेकवलेल्या फळ्यापाशी उभे राहिले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते आमचे नवे सर निघाले. त्यांचाही पहिलाच दिवस होता, आणि प्राध्यापकाने रस्ता विचारणं बरं दिसत नाही. त्यांनी तासभर शिकवलं. कोणता विषय ते समजलं नाही, पण आम्ही माना डोलावल्या. इतका हुशार वर्ग आपण पाहिला नव्हता, असं ते पुढे सांगत असत.

"काही शंका?" सरांनी विचारलं.

थर्मासवाली उठली आणि सुसाटकडे वळली. "अहो, आता पुढे कुठे जायचं?"

सुसाटचे कान थाप न मारताच लाल झाले.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी डबा खायला जागा शोधत होतो. कोणाबरोबर तरी."

विद्यापीठाच्या आवारात 'मला माहीत नाही' हे वाक्य प्रथमच उच्चारलं गेलं असावं. मग मागून कोणीतरी म्हणालं, "मलाही माहीत नाही." मग दुसरा, मग रांगच लागली. सरांचा नंबर शेवटी आला.

त्यानंतर सुसाटने डबा उघडला. दोघांचा डबा चाळीस जणांत फिरला आणि सुसाटच्या वाट्याला झाकण आलं. संध्याकाळी तो रिकामा डबा आणि रिकामं पोट घेऊन घरी गेला, आणि सगळे आपल्या मागे होते, असं त्याने अभिमानाने सांगितलं.

"मागे?" आई म्हणाली. "काय केलंस तू?"

ती खोली आता वेळापत्रकात आहे. बाहेर बाणही लावलाय, त्यामुळे हल्ली तिथे कोणी फिरकत नाही.

तुम्ही मात्र आलात. कुठे चाललोय हे एकदाही न विचारता, मी जरा ठामपणे लिहितोय एवढं पाहून, पार इथवर. छान केलंत. बाक पुसून घ्या, डावीकडच्याला तीनच पाय आहेत. आणि आता पुढे काय, ते सांगा.