बुडालेल्या गावाचा राजदूत

सोयरूमामांना कधी पत्ता विचारू नका. मी एकदा विचारला, आणि गेली अकरा वर्षं भोगते आहे.

जोयड्यात सरकारी कचेऱ्यांसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. अर्ज भरून देणं, फोटो काढणं, साहेब जेवायला गेलेत की खरंच गायब झालेत ते सांगणं, सगळं मीच करते. मामा पहिल्यांदा आले ते रेशनकार्डाचा अर्ज घेऊन. गळ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधलेला मोबाईल. ऐन मे महिन्यातसुद्धा पिशवीत, कारण पाण्यावर त्यांचा काडीचा भरवसा नाही. मी पत्ता विचारला तर म्हणाले, "मुक्काम पोस्ट कोनशेत."

कॉम्प्युटरात कोनशेत काही सापडेना. शेवटी रांगेतला एक म्हातारा म्हणाला, "अगं, ते गाव धरणात गेलं. तू जन्मायच्या आधी."

"गाव हाय," मामा शांतपणे म्हणाले. "नुसतं पाण्याखाली हाय. लिही तू."

राहतात रामनगरच्या धरणग्रस्तांच्या वसाहतीत, घराला नंबर, दाराला विजेचा मीटर. पण पत्ता कोनशेत! अर्ज तीनदा परत आला. चौथ्यांदा मी गुपचूप रामनगर लिहिलं आणि कार्ड आलं, तर या गृहस्थांनी माझ्याशी महिनाभर अबोला धरला. भलं करायला जावं, तर हे असं.

धरणाच्या पाण्यात जाळं टाकणाऱ्यांना विचारा, तेही सांगतील. कोनशेत नेमकं कुठल्या पाण्याखाली आहे हे मामांना पक्कं ठाऊक. त्या जागी कुणी होडी नेली की हे काठावरून हाक मारणार, "आमच्या हद्दीत शिरलास, एक मासा ठेव." आणि गंमत अशी की लोक ठेवतात. मामा तो मासा न्याहाळतात, आणि पुष्कळदा परत पाण्यात सोडतात. म्हणतात, "आमच्याच गावचा हाय."

इथवर सगळं ठीक होतं. मग ती बातमी आली.

समुद्रातला एक इवलासा बेटांचा देश. हवा तापतेय, समुद्र चढतोय, देश बुडायला लागलाय. त्यांचा मंत्री जगाच्या सभेत उभा राहून म्हणाला, आमची जमीन गेली तरी आमचा देश राहील. आमचं नाव, आमची समुद्रातली हद्द आणि या सभेतली आमची खुर्ची कुणी काढायची नाही. मामांनी ती बातमी मोबाईलवर ऐकली आणि पहिली एसटी धरून माझ्या दुकानात हजर. मी कुलूपही काढलं नव्हतं.

"बाय, आपण एकटं न्हाई," म्हणाले. मला ती बातमी दहा वेळा लावायला लावली, आणि खरं सांगते, दहाव्यांदा माझ्याही अंगावर काटा आला.

त्या दिवसापासून माझ्या दुकानाचं परराष्ट्र खातं झालं. पहिलं काम, त्या देशाला पत्र. 'कोनशेत गाव आपल्या देशास मान्यता देत आहे. आपणही कोनशेतास द्यावी.' माझ्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत मी ते धाडलंसुद्धा. उत्तर आलं नाही. मामा म्हणाले, मोठी माणसं, कामात असतील.

मग रांगेतल्या लोकांना भाषणं. कुठं नदी आटली म्हणून दोन देशांनी सैन्य आणून बसवलंय, कुठं माणसं पोराबाळांसकट दुसऱ्याच्या सीमेवर अडकलीत, मामांना सगळं तोंडपाठ. जमिनीच्या उताऱ्याला आलेला माणूस जागतिक सुरक्षा ऐकून परत जायचा. मी कावायची. "मामा, तुम्हाला यातलं काय कळतं?"

"मला न्हाई तर कुणाला कळंल?" म्हणाले. आणि वसाहतीतल्या विहिरीची गोष्ट सांगितली. बुडालेल्या गावांतले हे लोक नवे तिथं आले तेव्हा तिथं आधीपासून राहणाऱ्यांनी विहिरीभोवती काटेरी झुडपं टाकली. दोन डोकी फुटली. तिसऱ्या दिवशी मामांचे वडील एक नारळ आणि पाटीभर कोन घेऊन विहिरीवर जाऊन बसले. कोन म्हणजे आमच्या डोंगरातला कंद. संध्याकाळपर्यंत बसले. शेवटी समोरचे येऊन बसले, आणि सकाळी यांचं पाणी, संध्याकाळी त्यांचं, असं ठरलं.

"आधी पाणी हलतं, मागनं माणसं, मग काठ्या," मामा म्हणाले. "ते मोठे देश सभा भरवत्यात, ठराव करत्यात, घरला जात्यात. कोनाची पाटी घेऊन विहिरीवर कोण बसत न्हाई."

मी चहा मागवला.

पण मामांची खरी लढाई होती जत्रेतली. आमच्या डोंगरावरच्या देवीचा मान सात गावांचा. गुरव एकेका गावाचं नाव पुकारतो, त्या गावची माणसं "हाय" म्हणून पुढं होतात आणि मानाचा नारळ घेतात. कोनशेत बुडाल्यापासून गुरव सहाच नावं घ्यायचा. चाळीसेक वर्षं मामा अर्जी देत होते, जत्रेची कमिटी ती देवीच्या फोटोमागं सारत होती. या खेपेला त्यांनी कमिटीपुढं त्या बेटांच्या देशाची बातमीच लावली. जगाच्या सभेत खुर्ची राहते, मग देवीपुढं का नाही? शेवटी अध्यक्ष म्हणाले, बरं, यंदा पुकारू. पण नारळ दोघांनी घ्यायची रीत आहे, एकानं झेलायचा, एकानं फोडायचा. कोनशेतची दोन माणसं दिसली नाहीत, तर पुढच्या वर्षी नाव बंद. एकट्याचं गाव होत नाही.

मी म्हटलं, मामा, मी राहते उभी. मामांनी मान हलवली. "तू जोयड्याची, बाय. मित्रराष्ट्र."

त्यांना ना बायको, ना पोर. वसाहतीत कोनशेतचं घर हे एकच, बाकी सगळे दुसऱ्या बुडालेल्या गावांचे; आईबाप तिथंच वारले. बाकीचं कोनशेत गोव्याला, बेळगावला, कुठं कुठं पांगलं, कुणाचा नंबर कुणाकडं नाही. दुसरं माणूस आणणार कुठून?

जत्रेच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून गेले. मामा धुतलेला सदरा घालून उभे, पण देवीकडं पाठ करून! मी दंड धरून फिरवायला लागले. "अहो, नाव येईल आता. नारळ तिकडं आहे."

"नारळाचं काय घिऊन बसलीस," ते हळू म्हणाले. डोळे गर्दीवर. "आमची माणसं ट्रकांतनं चार दिशांना गेली. तोंडं बदलली, पोरींची आडनावं बदलली. वळखू कसं? पर गावाचं नाव कुणी मोठ्यानं घेतलं, तर माणूस मागं बघतंच."

चाळीस वर्षं हा माणूस मानासाठी भांडतो असं मला वाटत होतं. मला माझीच लाज वाटली.

गुरवानं सहा नावं घेतली. मग कागद बघून पुकारलं, "कोनशेत!"

मामा गर्दीतलं एकेक तोंड बघत होते. गुरवानं दुसऱ्यांदा पुकारलं. कमिटीवाले एकमेकांकडं बघायला लागले.

कासाराच्या पालासमोर एक म्हातारी बांगड्या भरून घेत बसली होती. तिनं कासाराच्या हातातून आपला हात काढून घेतला आणि वळून बघितलं. अर्ध्याच बांगड्या भरलेल्या. उठली, आणि गर्दीतून वाट काढत आली. मामा तिच्याकडं बघत राहिले.

"कुणाची गे तू?"

"खालच्या वाड्यातल्या नागूची. धाकटी." मग तिला रडू फुटलं. "खानापूरकडं दिली मला. दरसाल येते हितं जत्रंला. नाव कुणी घेतलंच न्हाई रे."

दरसाल. दोघं एकाच जत्रेत, एकाच पायऱ्यांवर, इतकी वर्षं.

मामांनी गुरवाकडं वळून "हाय" म्हटलं. तिनं पदर पसरून नारळ झेलला, मामांनी तो फोडला. तीन घाव लागले. मी तर उघड रडत होते, आणि अध्यक्षसुद्धा चष्मा पुसत होते.

खाली उतरताना मामांनी खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"उद्या दुकान उघडलीस की त्या बेटवाल्यांना आणिक एक पत्र लिही," म्हणाले. "म्हणावं, खुर्ची ठेवा, हद्द ठेवा, समदं ठेवा. पर वर्षातनं एकदा गर्दीत उभं ऱ्हाऊन नावानं हाक मारा."