देवसिंगची उतरणगाडी आणि साहेबांचा शेरा

साहेब, तुम्ही अर्धीच गोष्ट लिहिली आणि खाली सही ठोकली. उरलेली अर्धी कापसासारखी अंगावरून झटकून टाकलीत. म्हणून ती इथे चारचौघांत सांगावी लागते आहे.

पुसदकडच्या तांड्यातला देवसिंग, भीमसिंगचा थोरला, नागपूरला इंजिनियरिंग शिकतो. तांड्यातून एवढं शिकायला गेलेला तो पहिलाच. दोन वर्षं झाली, दोन राहिली, आणि राहिलेल्या दोन वर्षांचा सगळा भरवसा सरकारी शिष्यवृत्तीवर. अर्जात एक रकाना होता: शिक्षण संपल्यावर काय करणार? बाकीच्या पोरांनी धरण लिहिलं, पूल लिहिला. देवसिंग पडला तुरीच्या काडीसारखा सरळ. कॉलेजात एका विलायती मासिकात त्याने चित्र पाहिलं होतं: लाकडाचा डोंगर, त्यावर रूळ, रुळांवर डबे, आणि डब्यांतली माणसं तोंडं वासून खाली येताहेत. त्या दिवसापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. त्याने लिहिलं, ‘माणसाला उंचावरून सोडून हसवणारी गाडी बनवणार.’

तुमच्या कचेरीला वाटलं, पोरगं चळलं. त्रेसष्ट सालच्या पौषात पत्र आलं की साहेब जातीने चौकशीला येत आहेत.

दुसरा कोणी घाबरला असता. देवसिंग खूश झाला. म्हणाला, गाडीच दाखवतो. त्याने तांड्यामागच्या टेकडीवर सागाच्या ओंडक्यांचे रूळ टाकले, वर लोखंडी पट्ट्या ठोकल्या. मोडीत निघालेल्या एका जिनिंग कारखान्याच्या ढकलगाडीची चाकं आणली, त्यावर बैलगाडीची साटी बसवली. ही उतरणगाडी टेकडीवरून सुटायची, खाली नाल्याशी जायची आणि समोरच्या चढावर दम लागून आपोआप उभी राहायची.

भीमसिंगने विचारलं, “ब्रेक कुठी हाय?”

“ब्रेक कायले पाहिजे, बा? हिशोब केला हाय. रूळ संपाच्या चार हात आंधी गाडी थांबते. वीतभर इकडं नाही का वीतभर तिकडं नाही.”

आणि खरंच थांबायची. ज्वारीची पोती बसवून त्याने ती एकवीस वेळा सोडली, एकवीस वेळा ती खडूच्या खुणेवर उभी राहिली. फक्त आवाज फार. कोरडे आस असे केकाटायचे की टेकडीपलीकडच्या म्हशी पान्हा चोरायच्या. पण तो कोरडेपणाच गाडीचा लगाम होता. आसाचं घर्षण त्याने हिशोबात धरलं होतं. हे त्याने घरात कोणाला सांगितलं नाही, कारण कोणी विचारलं नाही.

घोटाळा झाला तो इथे. भीमसिंगच्या पिढ्यान्‌पिढ्या बैलांवर मीठ लादून मुलूखभर फिरल्या, पुढे गाड्या हाकल्या. त्या घरची रीत अशी, की पाहुणा गाडीत बसला आणि आस कुरकुरला, तर गाडीवानाने पुढल्या गावात तोंड दाखवू नये. तुम्ही येणार त्या सकाळी देवसिंग नाल्यावर आंघोळीला गेला, आणि बापाने चारही चाकांना झकास ओंगण दिलं. वाटीत थोडं एरंडेल उरलं होतं, तेही आसांवर रिकामं केलं. साहेब काय म्हणतील, या घरात तेल नाही?

तुम्ही आलात. चहा नको म्हणालात. फाइलीत ‘खुळचट’ असं लिहिलंत, ते देवसिंगने उलट्या बाजूने वाचलं. तो एवढंच म्हणाला, की साहेब, एकदा बसून पाहा, मग लिहा. तुम्ही बसलात ते पोराची फजिती करायला. त्याची याडी सोनीबाई, तिने तुम्हाला आईच्या मायेने कुंकू लावलं. देवसिंगने चाकाखालची पाचर काढली.

गाडी सुटली. आवाजच नाही. देवसिंगच्या तोंडचं पाणी पळालं.

“बा, गाडी वरडून काहून नाही राह्यली?”

“कशी वरडन?” भीमसिंगने मिशीवरून हात फिरवला. “म्या सोता ओंगण देल्लं.”

तोवर गाडी नाला मागे टाकून चढाला लागली होती. खडूच्या खुणेकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. रूळ संपले, गाडी नाही संपली! पुढे बाजाराला न्यायचा तांड्याचा कापूस रचला होता, म्हणून साहेब, तुम्ही आज आहात. ढिगात आधी गाडी गेली, मग तुम्ही, मग फाइल.

देवसिंगला वाटलं, आपलं कॉलेजही त्यातच गेलं. सोनीबाईने हळूच विचारलं, “मेला का रे साहेब?”

ढीग हलला. दोन हात निघाले, मग डोकं. भुवयांना कापूस, मिशीला कापूस, कानात सरकी. तुम्ही तोंडातला बोळा काढलात आणि एकच शब्द बोललात.

“पुन्हा.”

ओंगण पुसायला देवसिंगने अर्धा तास मागितला. पुसायचं नाही, असा तुमचा हुकूम झाला. दुसऱ्या खेपेला टोपी काढून सोनीबाईच्या हाती दिलीत. तिसऱ्या खेपेला भीमसिंगला ओढून शेजारी बसवलंत, दोन्ही हात वर केलेत आणि नाल्यापाशी “आई गं” म्हणून असे हसलात की तुमचे बत्तीस दात तांड्याने मोजले. चार किडके आहेत. खोटं असेल तर सांगा. जाताना देवसिंगच्या पाठीवर थाप मारलीत. त्या दिवशी सोनीबाईने तांडाभर लापशी वाटली.

महिन्याने कागद आला. ‘विद्यार्थ्याचे उद्दिष्ट लोकोपयोगी नाही. शिष्यवृत्ती नामंजूर.’

देवसिंगने तो वाचला, घडी केली. बाप खाली मान घालून बसला होता. त्याला म्हणाला, “तुही चुकी नाही, बा. घर्षणाचं म्या सांगाले पाहिजे होतं.” पण म्हातारा ऐकत नाही. तेव्हापासून तो घरच्या बैलगाडीलाही ओंगण देत नाही. ती साऱ्या शिवारात बोंबलत फिरते आणि हा वर बसून गप्प.

तेव्हा साहेब, लेखी उत्तर पाहिजे. पहिल्या खेपेला तुम्ही चौकशीसाठी बसलात, कबूल. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेला त्या गाडीत जो बसला, तो लोकांत मोडतो की नाही?