मास्कची भिशी

एखाद्या गोष्टीने माणसाचे भले होते, हे नुसते ठाऊक असून भागत नाही. ते सिद्ध व्हावे लागते. आणि सिद्ध व्हायचे तर ती गोष्ट निम्म्या माणसांना द्यावी लागते आणि उरलेल्या निम्म्यांना ती मिळू नये यासाठी डोळ्यांत तेल घालून जपावे लागते. ज्यांना मिळत नाही, त्यांचे विज्ञानावर फार मोठे उपकार असतात. त्यांचे आभार अहवालाच्या शेवटी, प्रायोजकांच्या नंतर आणि चहा पुरवणाऱ्याच्या आधी मानण्याची पद्धत आहे.

हे तत्त्व बेलापूरच्या एका काचेच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर, गेली सहा वर्षे निष्ठेने पाळले जाते. तिथे ‘विकसनशील देशांतील व्यवसाय-दायित्व, ग्राहक-निवड आणि कार्यस्थळ-आरोग्य अभ्यास केंद्र’ आहे. (नाव पाटीवर मावेना म्हणून पाटी वाढवण्यात आली, आता ती शेजारच्या दंतवैद्याच्या दारावरूनही जाते.) केंद्रात हवा शुद्ध करणारी चार यंत्रे आहेत. ती उपयोगी आहेत की नाहीत याचा अभ्यास झालेला नाही. ती आपली नुसतीच बसवली आहेत.

शकुबाईला यातले काहीच माहीत नव्हते. ती तुर्भ्याच्या एका मसाल्याच्या कारखान्यात कामाला होती. अहवालात त्याचे नाव गुप्त राखून त्याला ‘कारखाना क्रमांक सात’ म्हटले आहे, तेव्हा आपणही तसेच म्हणू. (गुप्तता चोख आहे. स्टेशनातून बाहेर पडून जिकडे शिंका वाढत जातील तिकडे चालत राहिले की माणूस थेट दारात पोचतो.) कारखान्याच्या मिरची विभागात चोवीस बायका. संकेश्वरी दळायला घेतली की तिथे समोरची बाई लाल दिसते, आणि लवंगी घेतली की दिसतच नाही. पूड डोळ्यांत जाते, नाकात जाते, जेवणाच्या डब्यातही जाते. (त्यामुळे भाजीत वेगळे तिखट घालावे लागत नाही. ही बाब अहवालात ‘अप्रत्यक्ष लाभ’ या सदरात दाखवली आहे.) संरक्षणाची सोय म्हणजे नाकावर बांधलेला पदर. तो ज्याचा त्याने घरून आणायचा असतो.

चक्कीच्या तोंडाशी मिरची ढकलायला बयाबाई. बारा वर्षे तीच. शकुबाई आणि बयाबाई माण तालुक्यातल्या एका गावच्या, आणि तुर्भ्यातही एकाच गल्लीत, मध्ये पत्र्याची भिंत घालून राहणाऱ्या. बयाबाई चार वर्षांपासून बसून झोपायची, कारण आडवे झाले की खोकल्याची उबळ यायची. डॉक्टरने सांगितले होते, धुळीत जाऊ नका. बयाबाईने मान डोलावली, गोळ्या घेतल्या आणि दुपारच्या पाळीला धुळीत गेली. पत्र्यापलीकडे खोकणाऱ्या या बाईला एकदा पाठ टेकून झोपता यावे, एवढेच शकुबाईला वाटत होते, आणि फार वाटत होते. पण वाटून काय होणार? ती काही केंद्र नव्हती.

अशात एका सोमवारी केंद्रच कारखान्यात आले. संशोधिका राजलक्ष्मी मॅडम सोबत अकरा पानी संमतीपत्रे, बारा मास्क आणि फुंकायचे एक यंत्र घेऊन आल्या. यंत्राच्या नळीत जोर लावून फुंकायचे, काटा वर जातो, आणि छातीत किती दम आहे ते कळते. धडधाकट बाईचा काटा साडेतीनशेला जातो. शकुबाईचा तीनशे दहाला गेला, बयाबाईचा एकशे चाळीसवर जाऊन थांबला. मास्क रबरी होते, दोन्ही गालांवर डबीएवढी गाळणी असलेले. ते फक्त बाराच का, असे पुतळा नावाच्या बाईने विचारले. (घणसोली गावच्या पुतळाला असले काहीबाही विचारायची खोड आहे.) सगळ्यांना दिले तर न मिळाल्याने काय होते ते कसे कळणार, असे उत्तर मिळाले. ते कुणालाही पटण्यासारखे होते.

मास्क कुणाला द्यायचे हे संशोधिकेने ठरवायचे नसते, शेठने तर मुळीच नाही. ते दैवाने ठरवायचे असते, म्हणजे निष्पक्षपणा राहतो. म्हणून मॅडमनी चोवीस चिठ्ठ्या केल्या, स्टीलच्या डब्यात घातल्या, डबा हलवला आणि बारा काढल्या. शकुबाईची निघाली, बयाबाईची निघाली नाही. मॅडमना भीती होती, आता रुसवेफुगवे होणार. पण ज्या बाराजणींना काही मिळाले नाही त्या अगदी शांतपणे, एकमेकींशी हसत कामाला गेल्या. मॅडमनी वहीत लिहिले, ‘नियंत्रण गटाने वंचिततेचा प्रगल्भ स्वीकार केला.’

प्रगल्भतेचे कारण साधे होते. मिरची विभागात नऊ वर्षे भिशी चालू होती आणि ती शकुबाई चालवत होती. भिशीत डब्यात चिठ्ठ्या घालतात, डबा हलवतात, नाव काढतात. आणि ज्यांचे आज निघत नाही त्यांचे पुढे निघते. जिचे कधीच निघत नाही अशी बाई भिशीत नसते. तशी असेल तर त्याला भिशी म्हणत नाहीत, फसवणूक म्हणतात, आणि ती चालवणारीच्या दारात बायका जमतात. बेलापूरहून एवढी शिकलेली बाई येऊन फसवणूक करील, असे कुणाच्या मनातही आले नाही.

“मंग आमचा नंबर कवा हाय?” पुतळाने जेवणाच्या सुट्टीत विचारले.

“पुढल्या सोमवारी,” शकुबाई म्हणाली. “आज जिची निघाली तिनं आठ दिस वापरायचा, मग धुऊन दुसरीला द्यायचा. भिशीत कुणी मागं ऱ्हातं व्हय?”

भिशीत अडीनडीचाही नियम असतो. कुणाच्या घरी लग्न निघाले, कुणी दवाखान्यात पडले, तर चिठ्ठी बाजूला ठेवून तिला आधी देतात. बयाबाईची अडचण चार वर्षे सगळ्यांच्या कानावर होती. शकुबाईने स्वतःचा मास्क तिला दिला आणि परत घेतलाच नाही. उरलेले अकरा मास्क उरलेल्या बावीसजणींत आठवडा-आठवडा फिरू लागले. हिशोब इतका सरळ बसला की शकुबाईला मॅडमच्या हुशारीचे कौतुक वाटले.

दर गुरुवारी मॅडम फुंकणी घेऊन यायच्या. त्या दिवशी प्रत्येक मास्क ज्या बाईच्या नावावर होता तिच्या तोंडावर असायचा. यात लपवाछपवी नव्हती. रेशनकार्ड जिच्या नावावर असते तिने दुकानात अंगठा द्यायचा असतो. धान्य घरात सगळेच खातात, आणि दुकानदार ते विचारायला घरी येत नाही. तपासणीला नावाची बाई हजर असावी, हा शिष्टाचार चोवीसजणींनी काटेकोर पाळला. मास्क आरामदायक वाटतो का, या प्रश्नाला चोवीसजणींनी ‘हो’ म्हटले. त्यांतल्या ज्या बाराजणींना तो दिलेलाच नव्हता, त्यांचे उत्तर मॅडमनी ‘आदरातिथ्य’ म्हणून नोंदवले.

दुसऱ्या महिन्यात बयाबाई आडवी झोपली. सकाळी नळावर शकुबाईने विचारले, रात्री पलीकडे आवाज नव्हता, गावाला गेली होतीस का? बयाबाई म्हणाली, झोप लागली गं. शकुबाईला इतका आनंद झाला की तिची कळशी भरून वाहत राहिली आणि मागच्या बाईने चार शब्द सुनावले, तेही तिला गोड लागले.

आठ महिन्यांनी निष्कर्ष निघाले. ज्यांना मास्क होता त्यांचा दम सरासरी अठ्ठेचाळीसने वाढला, आणि ज्यांना नव्हता त्यांचा सत्तावन्नने. नियंत्रण गटातील एका सहभागीने तर कोणत्याही मदतीशिवाय एकशे चाळीसवरून दोनशे पस्तीसवर झेप घेतली. (ही बयाबाई.) उलट एकीचा काटा मास्क असूनही पंचवीसने घसरला. (ही शकुबाई. तिची घसरण ‘मास्कचा संभाव्य दुष्परिणाम’ म्हणून वेगळ्या चौकटीत छापली आहे.) सबब, मास्कचा फुप्फुसांना उपयोग नाही हे प्रथमच शास्त्रीयरीत्या सिद्ध झाले. मग दोन्ही गट सुधारले कशाने? दोघांत समान अशी एकच गोष्ट होती. दर गुरुवारी कुणीतरी येऊन त्यांना ‘कशा आहात?’ असे विचारत होते. केंद्राचे संचालक डॉक्टर चंद्रशेखर यांनी त्यावरून सिद्धान्त मांडला की विकसनशील देशांत कामगारांची छाती आपुलकीने भरते.

हा निष्कर्ष मॅडमनी कारखान्यात सोप्या भाषेत समजावून सांगितला. मास्क आज परत न्यायचे आहेत, त्यांचा उपयोग नाही, असे त्या म्हणाल्या तेव्हा बायकांत कुजबूज झाली. शकुबाईला क्षणभर वाटले, आपण ऐकण्यात चुकलो. मग ती उठली.

“मॅडम, मास्क आमी फिरवत हुतो. भिशीवानी. एका सोमवारी हिला, दुसऱ्या सोमवारी तिला. माझा तर बयाबाईच वापरत हुती.”

राजलक्ष्मी मॅडमनी हातातली वही मिटली. “मावशी, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?”

“तुमी इचारलंच न्हाई. तुमी इचारलं, मास्क बरा वाटतो का. आमी चोवीसजनी म्हनलो की, वाटतो.”

मॅडम मनाने सरळ होत्या. मास्कने तेवीसजणींचे भले केले, आणि म्हणूनच त्याने कुणाचेच भले केले नाही असे दिसले, हे त्यांना तिथल्या तिथे कळले. त्या तशाच बेलापूरला गेल्या आणि संचालकांना म्हणाल्या, अहवाल थांबवू या. चंद्रशेखर सरांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांचे म्हणणे असे, की अहवाल तीन देशांत वाचून झाला आहे. शिवाय सहभागी बाईच्या सांगण्यावरून निष्कर्ष बदलायचे ठरवले तर मग तिलाच संचालक करावे लागेल. तरीही प्रामाणिकपणाला बाधा नको म्हणून तळटीप देण्यात आली, ‘काही सहभागींमध्ये वस्तूंची सांस्कृतिक देवाणघेवाण आढळली, पाहा परिशिष्ट नऊ.’ परिशिष्ट नऊ कागद वाचवण्यासाठी छापलेले नाही. (पर्यावरणाचे दायित्वही केंद्राकडे आहे.)

अभ्यासाचा दुसरा भाग ग्राहकांचा. वाशीच्या एका मॉलमध्ये सहाशे बारा ग्राहकांसमोर त्याच मिरचीपुडीची तीन पाकिटे ठेवण्यात आली. पहिल्यावर लिहिले होते, ‘आमच्या कामगारांना मास्क दिले जातात.’ ते बहुतेकांनी वाचून खाली ठेवले, कारण मास्क लागतो म्हणजे आत काहीतरी घातक असणार. दुसऱ्यावर काहीच नव्हते. तिसऱ्यावर एका हसऱ्या बाईचे चित्र आणि ‘आम्ही आमच्या ताईंची रोज विचारपूस करतो’ असे शब्द होते. चारशे एकाहत्तरजणांनी तेच उचलले. पंधरा-वीसजणांचे डोळे पाणावले. (पाकीट फुटले नव्हते, याची खात्री करण्यात आली आहे.)

कारखाना क्रमांक सातच्या शेठने दायित्व ओळखले. चक्कीच्या खोलीत धूळ ओढणारा पंखा बसवायचे चालले होते, ते रद्द करून ‘विचारपूस कक्ष’ उघडला. त्यात एक टेबल, एक अधिकारी आणि प्लास्टिकचा गुलाब आहे.

शकुबाईच्या जिवाला मात्र चैन पडेना. तिने मास्क न्यायाने वाटले म्हणून ते गेले. अन्यायाने वाटले असते तर निदान बारा मास्क राहिले असते, हे तिच्या डोक्यातून जाईना. तिने बयाबाईपुढे ते बोलून दाखवले आणि रडू लागली.

“गप ग,” बयाबाई म्हणाली. “सा म्हैनं पाठ टेकून झोपले मी. त्ये काय कुनी माघारी नेत न्हाई.”

मग बायकांनी खरीखुरी भिशी लावून वर्गणीतून एक मास्क आणला आणि चिठ्ठी न टाकता बयाबाईला दिला. तो तिने दोन दिवस वापरला. तिसऱ्या दिवशी सुपरवायझर कृष्णात खाली मान घालून आला. तोही साताऱ्याकडचाच, वाईट मुलगा नव्हे. म्हणाला, “शकुमावशी, त्यो काढायला सांगा. पुढच्या आठवड्यात पाहणी हाय. मास्क दिसला तर विचारपूस कमी पडली असं धरत्यात. लई टेन्शन हाय वरून.” आता तो मास्क शकुबाईच्या घरी, पत्र्याच्या अलीकडे खुंटीला आहे, आणि पलीकडे बयाबाई पुन्हा बसून झोपते.

गुरुवारी बयाबाईला कक्षात बोलावतात. अधिकारी गोड आवाजात विचारतो, “ताई, कशा आहात?” बयाबाई उत्तर द्यायला तोंड उघडते आणि तिला उबळ येते. अधिकारी सुसंस्कृत आहे. उबळ ओसरेपर्यंत तो पेन उचलून थांबतो. अर्जात ‘बरी’, ‘छान’ आणि ‘उत्तम’ असे तीन रकाने आहेत. तो ‘छान’वर खूण करतो.

हे वाचून बयाबाईसाठी ज्यांचा जीव कळवळला असेल, त्यांनी मनाला लावून घेऊ नये. अहवालाच्या अठ्ठ्याऐंशीव्या पानानुसार तिची फुप्फुसे ज्या एकमेव गोष्टीने सुधारतात, ती गोष्ट त्यांनी आत्ताच, बसल्या जागी, तिला देऊन टाकली आहे. मात्रा पुरेशी आहे. आता उठून भाजीत तिखट घालायला हरकत नाही.