वाफाळलेला शोक

दिल्लीतल्या द्वारकेच्या एका सोसायटीत सहाव्या मजल्यावर राहणाऱ्या विनया श्रीरंग केतकर यांनी संक्रांतीच्या पहाटे घरच्या घरी चेहऱ्याला वाफ घ्यायचं ठरवलं, तेव्हा या निर्णयाचे परिणाम मराठी अस्मितेवर होतील याची त्यांना पुसटशीही कल्पना नव्हती. कारण साधं होतं. सेक्टरातल्या मराठी स्नेहवर्धिनी मंडळाची बस दर संक्रांतीला पानिपतला, काला अंबच्या स्मारकावर जात असे. तिथे हार वाहिला जाई, दोन मिनिटं शांतता पाळली जाई आणि मग ज्यासाठी सगळे एवढ्या थंडीत उठलेले असत तो फोटो निघे. फोटो स्मरणिकेत छापला जाई आणि स्मरणिका पुण्याला विनयाच्या मोठ्या जावेकडे जाई. आजवरच्या फोटोंत विनयाचं जे काही आलं होतं ते म्हणजे कुणाच्या तरी खांद्यामागून दिसणारा अर्धा कान. जाऊबाई दर वर्षी फोनवर अगदी मायेने विचारत, "या वेळी गेली नव्हतीस का गं?"

यात विनयाचा काही दोष नव्हता. मंडळाचे अध्यक्ष पद्माकरराव हर्डीकर हे उपसचिव म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. निवृत्ती मंत्रालयाला मिळाली होती, त्यांना नव्हती. त्यामुळे पानिपतच्या हुतात्म्यांपुढे उभं राहायचं तेही वेतनश्रेणीनुसार, असा दंडक होता. पहिल्या रांगेत सहसचिव आणि सौभाग्यवती, दुसरीत संचालक, आणि श्रीरंगसारखे कक्ष अधिकारी जिथून हार दिसत नाही पण थंडी चांगली लागते अशा जागी. गुडगावच्या कंपन्यांत नोकरीला आलेली पुण्या-मुंबईची मुलं ही एक नवीनच पीडा होती. त्यांचे पगार सचिवांपेक्षा जास्त, पण त्यांना श्रेणीच नाही. त्यांना 'प्रकरण विचाराधीन' म्हणून कडेला उभं करत.

त्या वर्षी मात्र हाराचं ताट धरायला एक 'प्रसन्न चेहऱ्याची सर्वसाधारण सभासद भगिनी' जागेवरच निवडणार, अशी कुणकुण लागली होती. ताट धरणारी बाई फोटोच्या मध्यभागी येणार हे उघड होतं. विनयाला झोप लागेना. आपण दिसायला वाईट नाही, फक्त कोमेजलोय, असं तिचं प्रामाणिक मत होतं, आणि ते खरंही होतं. उदारीकरणाने सेक्टरात पाणी आणलं नव्हतं, ते टँकरने येई; पण प्रत्येक मार्केटात चार पार्लरं आणली होती. मात्र त्यातलं एकही पहाटे उघडत नव्हतं, आणि बस सूर्योदयाच्या आधी सुटणार होती. तेव्हा विनयाने टीव्हीवर ऐकलेली कृती केली. पातेल्यात पाणी उकळायचं, कडुनिंबाची पानं आणि लिंबाची सालं टाकायची, डोक्यावरून टॉवेल घ्यायचा आणि पाच मिनिटं वाफ घ्यायची.

आता पाच मिनिटांनी तेज येत असेल तर पंधरा मिनिटांनी किती येईल, हा हिशेब कुणीही करेल. तिने श्रीरंगचा सर्दीचा बामही चांगला दोन बोटं टाकला. दिल्लीच्या त्या हाडं गोठवणाऱ्या पहाटे टॉवेलच्या आत इतकं सुखाचं ऊबदार वाटलं की तिला डुलकी लागली. लेकीने, पूर्वीने, टॉवेल ओढला आणि दोन पावलं मागे सरकली. "मम्मा, ये क्या कर लिया यार," ती म्हणाली. चेहरा बिटासारखा लाल, पापण्या सुजलेल्या, आणि बामामुळे डोळ्यांतून अखंड धारा. खाली बसचा हॉर्न वाजत होता. विनयाने तोंडावर शाल गुंडाळली आणि प्रसन्नतेची आशा सोडून ती बसमध्ये मागे जाऊन बसली.

काला अंबला पोचल्यावर धुक्यातून असा वारा सुटला की शाल तोंडावरून उडाली. पद्माकररावांचं भाषण चाललं होतं. ते दर वर्षी तेच भाषण करत आणि दर वर्षी 'लाखभर बांगड्या फुटल्या' या वाक्याला थांबून श्रोत्यांकडे बघत. श्रोते त्या वेळी तिळगुळाचे डबे कुठल्या सीटखाली आहेत याचा विचार करत. या वेळी पद्माकरराव थांबले ते थांबलेच. त्यांना विनया दिसली होती.

"भाषण पुरे," ते म्हणाले. त्यांनी हे उद्गार आयुष्यात प्रथमच काढले होते. "बंधुभगिनींनो, हा चेहरा बघा. अडीचशे वर्षं होत आली. आपण कोरडे उभे आहोत, आणि ही भगिनी रडते आहे."

सगळे वळले. कुणीतरी हुंदका दिला. विनयाला हाताला धरून पुढे आणलं, ताट तिच्या हातात दिलं. ती खरं सांगणार होती. 'अहो, वाफ जास्त झाली' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण समोर फोटोग्राफर उभा होता, आणि ती पहिल्या रांगेत मधोमध होती. तिने ताट नीट धरलं आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. पुढच्या महिन्यात पुण्याहून फोन आला. जाऊबाईंच्या हाती स्मरणिका पडली होती. आम्ही पुण्यात राहून कधी असं रडलो नाही गं, असं त्या म्हणाल्या. त्या रात्री विनयाला फार छान झोप लागली.

दुसऱ्या वर्षी डिसेंबरातच परिपत्रक निघालं. 'असे निदर्शनास आले आहे की, स्मृतिदिनी बहुसंख्य सभासदांच्या मुद्रेवर शोकाचा अभाव असतो. सबब सर्वांनी यथोचित शोकमुद्रेसह उपस्थित राहावे.' यथोचित म्हणजे कसं, तर खाली विनयाचा रंगीत फोटो छापला होता.

परिपत्रक आल्याच्या दुसऱ्या दिवशी सहसचिवांच्या पत्नी रसिकाताई केतकरांकडे आल्या. मधली जागा इतकी वर्षं त्यांची होती. शिवाय सेक्टरातलं एकही पार्लर त्यांच्या पायाखालून सुटलेलं नव्हतं. त्यांनी चहाला हात न लावता विनयाकडे नीट निरखून पाहिलं.

"ते रडणं नव्हतं, विनया. जास्त वाफ झाली होती."

विनयाने पुढचा सगळा हिशेब केला. आता मंडळ, श्रीरंगचं ऑफिस, पुण्याची जाऊ, सगळीकडे छी-थू होणार.

"मी कुणाला बोलणार नाही," रसिकाताई म्हणाल्या. "पाण्यात काय घातलं होतंस तेवढं सांग."

त्यांनी खरोखरच कुणाला सांगितलं नाही. फक्त बहिणीला सांगितलं. संक्रांत जवळ आली तसा सेक्टरातला केमिस्ट चक्रावला. दुकानातला बाम संपला होता आणि खोकत कुणीच नव्हतं. ऐन दिवशी, बसमध्ये पानिपतपर्यंत लाली टिकत नाही असं लक्षात आल्यावर, मंडळाने हायवेवरच्या एका ढाब्यावर सामुदायिक वाफेची सोय केली. चाळीस मराठी माणसं टॉवेल पांघरून पातेल्यांवर वाकलेली बघून ढाबेवाल्याने हात जोडले आणि विचारलं, "सब बीमार हैं, साहब?" पद्माकररावांनी त्याला सांगितलं की आम्ही इतिहासासाठी आलो आहोत.

काला अंबला पोचल्यावर पंचाईत झाली. सगळेच लाल. कुणाला पुढे उभं करायचं? वेतनश्रेणीवर जावं तर लाल झालेले कक्ष अधिकारी कुरकुर करू लागले. तेव्हा गुडगावच्या पुष्कर नावाच्या, इतकी वर्षं कडेला उभ्या केलेल्या आयटीवाल्याला कंठ फुटला. त्याने शोकाचं अप्रेझल सुचवलं. रांग पगारावर नको, परफॉर्मन्सवर ठरू द्या, असं त्याचं म्हणणं. पद्माकररावांना कल्पना पसंत पडली, पण मोजमाप काय? योगायोगाने सोसायटीत रंगकाम चालू होतं आणि सेक्रेटरींच्या खिशात रंगाच्या कंपनीचं छटांचं कार्ड होतं. ते चेहऱ्याशेजारी धरून पाहायचं. 'टेराकोटा' ते 'ब्रिक रेड' पहिली रांग, 'पीच' दुसरी, त्याखालचे मागे. पुष्करला पहिल्याच वर्षी तपासनीस नेमलं आणि आयटीवाल्यांचं प्रकरण निकाली निघालं. विनया अर्थातच 'ब्रिक रेड' आली. आता सगळ्यांना माहीत होतं की आपण सगळे वाफ घेऊन आलोय, पण प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या वाफेत थोडी तरी भावना आहे. विनयाला 'शोकप्रमुख' हे मानद पद मिळालं. श्रीरंग ऑफिसात ते जाता जाता सांगू लागला.

तिसऱ्या वर्षी जानेवारी लागता लागता विनयाची आई वाईला वारली. विनया धावली, पण तिथे रडायला कुणी सवड दिली नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला चहा, भटजींचं सामान, भावाच्या आणि वहिनीच्या कुरबुरी. ती कोरडीच दिल्लीला परतली ती संक्रांतीच्या आदल्या दिवशी. या वेळी जाऊ नये असं तिला वाटत होतं. श्रीरंग चांगला माणूस. तो म्हणाला की तुझं मन नसेल तर राहू दे, फक्त शोकप्रमुखच गैरहजर राहिल्या तर लोक काय म्हणतील एवढंच.

पहाटे तिने पातेलं ठेवलं. सवयीने कडुनिंब टाकला, बाम टाकला, टॉवेल डोक्यावर घेतला. वाफ नाकात गेली आणि तिला वाईचं स्वयंपाकघर आठवलं. लहानपणी तिला फार सर्दी व्हायची. चादरीच्या आतल्या अंधाराची भीती वाटते म्हणून ती वाफ घेताना रडायची, तेव्हा आई स्वतःचंही डोकं तिच्या शेजारी चादरीत घालायची, आणि दोघी एकाच पातेल्यावर वाकून बसायच्या. आईला सर्दी नसायची. घामाने तिचं कुंकू ओघळायचं. विनयाने टॉवेल काढला, गॅस बंद केला आणि पाणी सिंकमध्ये ओतून दिलं. आता त्या टॉवेलखाली एकटीने बसणं तिला शक्य नव्हतं.

काला अंबच्या त्या धुक्यात, दोन मिनिटांच्या शांततेत तिला रडू फुटलं. आधी ओठ थरथरले, मग खांदे. इथे पडलेल्या इतक्या माणसांच्या बायका, आया अशाच कुठेतरी दूर घरी बसल्या असतील आणि त्यांना खबर तरी कधी लागली असेल, असं तिच्या मनात आलं, आणि ती आईसाठी रडतेय की त्यांच्यासाठी हे तिचं तिलाच कळेना. मंडळाच्या इतिहासात त्या जागी खरंखुरं रडलेली ती पहिली व्यक्ती असावी. तेवढ्यात पुष्कर छटांचं कार्ड घेऊन आला. त्याने ते एकदा डाव्या गालाशी धरलं, एकदा उजव्या.

"सॉरी मॅम. तुमचं 'आयव्हरी' येतंय."

"अरे, मी रडतेय," विनया म्हणाली.

"दिसतंय ना मॅम. पण अश्रू हा इनपुट झाला. आम्ही आउटपुट बघतो."

प्रकरण पद्माकररावांकडे गेलं. ते निर्दय नव्हते. त्यांनी टोपी काढून आईबद्दल सहानुभूती व्यक्त केली, आणि मग टोपी घालून निर्णय दिला. "वहिनी, तुमचा शोक वैयक्तिक स्वरूपाचा आहे. तो या उपक्रमात धरता येणार नाही. आज तुम्हाला सूट दिली, तर उद्या जो तो आपापलं दुःख घेऊन इथे येईल." मधल्या जागी रसिकाताई उभ्या राहिल्या. त्या दिवशी त्यांचा चेहरा कार्डावरच्या शेवटच्या छटेच्याही पुढे गेला होता. फोटोत विनयाचा अर्धा कान आला.

मात्र मंडळ माणुसकी विसरलं नव्हतं. पुढच्या रविवारी सगळे केतकरांकडे रीतसर समाचाराला आले. विनयाने दार उघडलं तर बाहेर बारा जण उभे, आणि बाराही चेहरे वाफाळून लाल, डोळ्यांना धारा, बामाचा वास जिन्यापर्यंत. आता दुःखाला जायचं म्हणजे वाफ घेऊनच जायचं, अशी पद्धत पडून गेली होती. विनयाचं रडून झालं होतं. तिने सगळ्यांना बसवलं, पाणी दिलं, आई शेवटी काय बोलली ते शांतपणे सांगितलं. रसिकाताईंचे डोळे फारच चुरचुरत होते म्हणून त्यांना ओला नॅपकिनही आणून दिला. पद्माकररावांनी घड्याळ पाहिलं. सगळे उठले.

खाली जाताना लिफ्ट गच्च भरली होती. नव्या सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये आरसा असतोच. वर येताना प्रत्येकाने त्यात एकदा आपला चेहरा तपासून घेतला होता, आता प्रत्येकाने तो पुसून घेतला. चौथ्या मजल्यावर रसिकाताई म्हणाल्या की आई जाऊन तीन आठवडे नाही झाले, पण विनयाला फारसं लागलेलं दिसत नाही हो.  मागे, आरशाला पाठ टेकून उभ्या असलेल्या एकाने 'हं' म्हणून मान हलवली.

वाचकहो, इकडेतिकडे बघू नका. ते तुम्हीच होतात.