तीनदा खाकरलं की चहा

माझ्या सुनेला मी कधी उलटा शब्द बोललो नाही, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगतो. आखाडा बाळापूरच्या बाजारात सांगतो, तांड्यातल्या लिंबाखाली सांगतो, लग्नाच्या पंगतीत तर हमखास सांगतो. ऐकणारे माना डोलावतात. सुलटाही शब्द कधी बोललो नव्हतो, एवढंच मी सांगत नसे.

त्यात माझा दोष नाही. आमच्या तांड्यात सासरा आणि सून एकमेकांशी बोलतच नाहीत. सून डोक्यावरून पदर ओढून घेते. सासरा दारातून आत येताना खाकरतो, म्हणजे तिला पदर सावरायला वेळ मिळतो. सगळे सासरे खाकरतात. पण मी पडलो मास्तर! जिल्हा परिषदेच्या शाळेत पस्तीस वर्षं काढलेला मोहनसिंग राठोड गुरुजी साधं कसं खाकरेल? मी त्याची नियमावली केली. एकदा खाकरलं म्हणजे मी आलो. दोनदा म्हणजे पाणी. तीनदा म्हणजे पाहुणा आलाय, चहा ठेव.

नव्याण्णवच्या उन्हाळ्यात माझ्या जगनचं लग्न झालं आणि वसमतकडच्या तांड्यातली निता आमच्या घरात आली. दहावी पास. आठ दिवसांत तिने नियमावली पाठ केली. जगनची रजा संपली, तो औरंगाबादला कारखान्यात परत गेला. खोली मिळाली की बायकोला नेणार होता. घरात उरलो मी, माझी बायको रूपाबाई आणि निता. रूपाबाई आम्हा तिघांच्या वाटचं बोलून घ्यायची. (घरात आम्ही आमची गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलतो. तुम्हाला मराठीत सांगतोय, तेव्हा रूपाबाईचा तिखटपणा निम्मा झाला असं समजा.)

मला मुलगी नाही. निता संध्याकाळी भाकरी थापताना रेडिओ लावायची, शेजारच्या भागूबाईशी ओट्यावर बसून हसायची. मी आतल्या खोलीत पेपर पुढे धरून ते हसणं ऐकत बसायचो. पेपर बहुतेक वेळा कालचा असायचा. पोर घरात रुळली याचा मला इतका आनंद झाला होता की तो कुणाला तरी सांगावासा वाटे, पण जिला सांगायचा तिच्याशीच बोलायची सोय नव्हती.

दिवाळीनंतर तापाची साथ आली. आठ दिवस मी फणफणलो. ताप गेला आणि जाताना घशात काहीतरी ठेवून गेला. ज्वारीचं कुसळ अडकावं तसं खुपायचं. खाकरलं की क्षणभर बरं वाटायचं, पुन्हा खुपायचं.

पहिल्याच दिवशी दुपारपर्यंत नऊ कप चहा झाला. पाहुणा एकही नव्हता.

"कोण आलंय?" रूपाबाई अंगणातून आत आली.

"कोणी न्हाई."

"मग तीनदा काहून खाकरले?"

"घसा खवखवून राहिला."

"तर मग पाचदा खाकरा. पोरगी चहा तरी ठेवणार न्हाई."

मी पाचदा खाकरलो. आतून पाण्याचा तांब्या आणि चहाचा कप, दोन्ही आले. दोन अधिक तीन. पोरगी गणितात पक्की निघाली.

गुरुजींच्या घरी चहा कायम तयार असतो, ही बातमी तांड्यात पसरायला वेळ लागला नाही. आमचे भावसिंग नायक तांड्याचे प्रमुख. वर्षातून दोनदा येणारे ते दिवसातून दोनदा येऊ लागले. ते आले की गप्पा, गप्पा झाल्या की माझा घसा जास्तच खवखवायचा, खाकरलो की आणखी चहा, आणि चहा आहे म्हणून नायक आणखी बसायचे.

शेवटी रूपाबाईने मला बाळापूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी दीड मिनिटात निदान केलं. "पित्त आहे, गुरुजी. झोपलात की पोटातलं आंबट वर चढतं आणि घसा जाळतं." चहा बंद, मिरची बंद, शेंगदाणे बंद. सकाळी उपाशीपोटी एक गोळी. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन विटा. आणि आम्ही उठलो तेव्हा म्हणाले, "रागराग करू नका बरं का. रागानं पित्त खवळतं."

औषध दुप्पट दिलं की आजार निम्म्या वेळात जातो, असा रूपाबाईचा सिद्धांत आहे. तिने दोनाच्या जागी चार विटा लावल्या. आता मी रोज रात्री उशावर झोपून सकाळी पायथ्याशी उठायचो, गुडघे हनुवटीला लावून. खाकरणं तसूभरही कमी झालं नाही. आणि ज्या चहाची मला बंदी होती, तो माझ्याच खाकरण्याने दर अर्ध्या तासाला माझ्याच पुढे यायचा. मी तो टाकून कसा देणार? पोरीने केलेला होता.

"तरीच पित्त जाईना," रूपाबाई कडाडली आणि तिने चहाचा डबा फळीवर सगळ्यात वर ठेवला. मग माझ्यासमोर ठाण मांडून बसली. "खरं सांगा. कुणाचा राग धरून राहिले तुमी?"

"कुणाचाच न्हाई."

"डॉक्टर खोटं बोलतो व्हय? पित्त उगं खवळतं का? मनात धरून ठेवलंय तुमी काहीतरी."

त्याच वेळी स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. तो का थांबला हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पस्तीस वर्षं मागच्या बाकावरच्या पोरांचं मन ओळखलं म्हणून मिरवणारा माणूस मी, मला नाही कळलं.

तुम्हीच विचार करा. तीन माणसांचं घर. सासऱ्याचं पित्त रागाने खवळलंय. सासूशी तो तीस वर्षं भांडतोय आणि घसा ठणठणीत आहे. मग नवीन घरात कोण आलंय?

निता बदलली. मी भाकरीचा तुकडा मोडून "वा" म्हणायला तोंड उघडलं की घसा खवखवायचा, मी खाकरायचो. ती भाकरी उचलून न्यायची आणि दुसरी टाकायची. एकदा एका जेवणात चार भाकऱ्या बदलल्या. रेडिओ लागला आणि मी खाकरलो, रेडिओ बंद. ओट्यावर हसणं झालं आणि मी खाकरलो, हसणं बंद. दार लोटलं, पुन्हा उघडलं, केरसुणीची जागा बदलली, जगनचा फोटो या भिंतीवरून त्या भिंतीवर गेला. प्रत्येक खाकरण्याला ती दचकून उठायची, पदर ओढायची आणि आपलं काय चुकलं ते शोधत घरभर फिरायची. पोर वाळत चालली.

"तिला सांग ना, तुझं काय चुकलं न्हाई म्हणून," मी रूपाबाईला विनवलं.

रूपाबाईने सांगितलं. "तुझ्या सासऱ्याचं पित्त खवळलंय. तू मनावर घेऊ नको." यापेक्षा तिने काही सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. मग वाटलं, आपणच चिठ्ठी लिहावी. कागदही घेतला. पण सासरा सुनेला चिठ्ठ्या लिहितो हे भावसिंग नायकांच्या कानावर गेलं असतं तर माझी उरलीसुरली अब्रू गेली असती, म्हणून त्या कागदावर मी किराण्याची यादी केली. या भित्रेपणाची मला आजही लाज वाटते.

संक्रांत झाली आणि निताचे वडील, वसराम व्याही, दारात उभे राहिले. भला माणूस. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"गुरुजी, पोरीचं काय चुकून राहिलं तेवढं सांगा. ती म्हणते मला कळना, आन् मामा तर दिवसभर रागानं खाकरतेत. चूक कळली तर आमी समजावू तिला."

एका शब्दाचं काम होतं. 'काहीच नाही' एवढं म्हणायचं. मी तोंड उघडलं आणि जी खवखव उठली, ती थांबेचना. मी सहादा खाकरलो, दहादा खाकरलो, डोळे लाल झाले, मान हलली. वसराम व्याही शांतपणे बघत होते. माझं खाकरणं थांबायच्या आत ते उठले.

"समजलं," म्हणाले. "पोरगी, पेटी घे."

निता पेटी उचलून दारातून गेली. जाताना माझ्या दिशेने वाकून जमिनीला हात लावला. मी अजून खाकरतच होतो.

नंतरच्या आठवड्याबद्दल मी फार लिहीत नाही. घरात रेडिओ होता, कुणी लावत नव्हतं. जगनचा औरंगाबादहून फोन आला, किराणा दुकानात जाऊन मी घेतला. "बापू, खोली मिळून राहिली. पण निता म्हणते, आधी घरचं नीट होऊ द्या. काय झालं?" मी त्यालाही खाकरूनच दाखवलं. रूपाबाईसुद्धा गप्प झाली, आणि रूपाबाई गप्प झाली की मला भीती वाटते.

आठव्या दिवशी ती म्हणाली, "उठा. नांदेडला घशाचा मोठा डॉक्टर हाये. जाता जाता वसमतला उतरू, व्याह्याच्या पाया पडू."

व्याह्यांनी खाट टाकली, गूळ-पाणी दिलं, सगळं रीतीप्रमाणे. निता बाहेर आली नाही. मी ओठ घट्ट मिटून बसलो होतो, न जाणो पुन्हा घात व्हायचा. ते बघून गुरुजी तोंडाने बोलायलाही तयार नाहीत, असं त्यांना वाटलं असणार. निघताना विहीणबाईंनी रूपाबाईच्या हातात वहीचं घडी घातलेलं पान दिलं. वर लिहिलं होतं, 'डॉक्टरसाहेबांस.' दुसऱ्याचं पत्र वाचायचं नाही असं मी पोरांना शिकवलेलं, त्यामुळे नांदेडपर्यंत ते खिशातच राहिलं.

नांदेडचे डॉक्टर तरुण होते. "कधी कधी होतं हे?" त्यांनी विचारलं.

"पित्त हाये," रूपाबाई म्हणाली.

"ते मी बघतो. होतं कधी?"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. माझाच घसा, आणि मला सांगता येईना. मी ते पान पुढे केलं. डॉक्टरांनी मोठ्याने वाचलं.

"जेवताना गप्प असले तर खाकरत नाहीत. जेवल्यावरही नाही. झोपेत एकदाही नाही. बोलायला लागले की सुरू होते. हसले की होते. दारातून गार वारा आला की होते. फोडणीचा धूर गेला की होते. चहाने वाढत नाही. दिवाळीनंतरच्या तापापासून आहे, आधी नव्हते."

एकही शुद्धलेखनाची चूक नव्हती, हे डॉक्टरांच्या खांद्यावरून वाकून मी पाहून घेतलं. मास्तरांची खोड, दुसरं काय. पण त्याहून मोठं मला हे कळलं, की दिवसातून शंभरदा उठून उभं राहणाऱ्या त्या पोरीइतकं माझ्याकडे कुणीच बघितलं नव्हतं, मी स्वतःसुद्धा नाही.

"कुणी लिहिलं?" डॉक्टर म्हणाले. "माझं अर्धं काम झालं."

मग त्यांनी माझ्या नाकातून कॅमेऱ्याची बारीक नळी घातली आणि घसा बघितला. "आवाजाचा एका बाजूचा पडदा जरा सुस्त हलतोय. तापात घशाची नस दुखावली, गुरुजी. घशात काहीही नसताना ती निरोप धाडते की काहीतरी अडकलंय, आणि तुम्ही खाकरता. पित्ताच्या गोळ्यांनी हे कसं थांबेल? नसेची गोळी देतो, रात्री घ्या. खाकरावंसं वाटलं की घोटभर पाणी प्या. सावकाश कमी होईल."

"म्हंजे पित्त न्हाई?" रूपाबाई म्हणाली.

"नाही."

"आन् विटा?"

"काढून टाका."

रूपाबाईला जरा वाईट वाटलं. डॉक्टरांनी पान पुन्हा हातात घेतलं. "खाली एक प्रश्न आहे. 'मामा माझ्यावर रागावल्यामुळे असे होते का, तेवढे विचारावे.'" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "त्यांना सांगा, रागाचा याच्याशी काही संबंध नाही."

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. नळी घातली की डोळ्यांत पाणी येतंच, असं डॉक्टर म्हणाले. मी त्यांना तसं समजू दिलं.

परतताना पुन्हा व्याह्यांच्या अंगणात पोचलो तेव्हा चार वाजले होते. गुरुजी परत आले म्हणताना शेजारपाजारचे दहा-बारा जण जमले. मी रूपाबाईला कोपराने ढोसलं, सांग म्हणून. ती खाटेवर बसली आणि पदराने वारा घेऊ लागली.

"या बारीला तुमचं तुमी बोला," ती म्हणाली.

मी दारापाशी गेलो. आतल्या अंधारात पदर दिसत होता.

"निता, बेटी," मी म्हणालो. मागे कुणाच्या तरी हातातला पेला पडला. "तुझं काय बी चुकलं न्हाई. तापात माझी नस बिघडली, डॉक्टरनं नळी घालून पाह्यलं. राग न्हाई मला, कधीच नव्हता. भाकरी तर तुझ्यासारखी... घरात तू न्हाईस तर मला..."

आणि खवखव उठली. पाचदा, आठदा, बारादा. वाक्य तिथेच राहिलं. वसराम व्याही खाली मान घालून उभे होते, आणि मी दाराची चौकट धरून खाकरत होतो. मनात म्हटलं, झालं, या वेळीही घालवलं.

आत बांगड्या वाजल्या. निता उंबऱ्यात आली. डोक्यावर पदर होता, एका हातात पाण्याचा तांब्या होता आणि दुसऱ्या हातात पेटी. तांब्या तिने माझ्यापुढे धरला.

"मामा," ती म्हणाली, "गप ऱ्हावा बरं. बोललं की होतं तुमाला."

सुनेनं मला सांगितलेली ही पहिली गोष्ट. मी पाणी प्यालो आणि गप राहिलो.